ती तीन गोळ्यांची पट्टी मागू नका

रात्री साडेनऊला मी शटर अर्धं खाली ओढलेलं असतं, तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबते. कानाला मफलर गुंडाळलेला गडी वाकून आत बघतो. "दादा, ती तीन गोळ्यांची पट्टी द्या की. पाचशेची. घसा धरलाय, उद्या पुण्याला जायचंय." चिठ्ठी विचारली की म्हणतो, "मागच्या खेपेला डॉक्टरांनी हीच दिली होती. दोन दिवसांत मोकळा झालो."

हे एका रात्रीचं नाही. सांगोला तालुक्यात मी सव्वीस वर्षं मेडिकल चालवतो. थंडीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिवसातून पाच-सहा जण तरी ही पट्टी मागतात. गोळीचं नाव ॲझिथ्रोमायसिन. 2019 साली आपल्या देशाच्या खासगी बाजारात सगळ्यांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक हीच पाचशेची, म्हणजे पाचशे मिलीग्रॅमची, गोळी होती. म्हणजे मफलरवाला गडी एकटा नाही, गावोगावी आहे. त्याच्याशी आणि तुमच्याशी मला मनापासून बोलायचंय. ही गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. माझ्याकडे नको, माझ्या शेजारच्या दुकानातही नको.

गोळी वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. ती फार चांगली आहे, आणि नेमकी म्हणूनच जपायची आहे.

काही अँटिबायोटिक्स मोजक्या जातींच्या जंतूंना मारतात. जुनं साधं पेनिसिलिन तसं आहे. काही मात्र एकाच वेळी अनेक जातींवर चालतात, त्यांना डॉक्टर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणतात. ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लीन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन आणि दवाखान्यातलं मेरोपेनेम, ही सगळी कमी-जास्त पल्ल्याची त्याच घरातली. या घरातलं पहिल्या काहींपैकी एक औषध, ऑरिओमायसिन, 1948 साली अमेरिकेत बाजारात आलं. ज्या प्रयोगशाळेत ते सापडलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्याकडे पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी 1954 साली स्थापन झाली. वडिलांच्या पिढीला या औषधांचं किती अप्रूप होतं ते मी घरात ऐकलंय. न्यूमोनिया झालेलं माणूस उठून बसतं, बाळंतीण वाचते, हे त्यांना नवं होतं.

आजही या औषधांवाचून चालत नाही. जंतू कोणता हे कळायच्या आत माणूस हातचा जाईल, अशी वेळ येते. नवजात बाळ दूध ओढत नाही, अंगाला गार लागतं. म्हातारीला थंडी वाजून ताप येतो, बरळायला लागते, लघवी होत नाही, बीपी खाली जातं. जंतू रक्तात पसरला असेल तर तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस हातात नसतात. अशा वेळी चांगला डॉक्टर आधी रक्ताचा नमुना घेतो आणि लगेच, पहिल्या तासातच, मोठ्या पल्ल्याचं इंजेक्शन सुरू करतो. दोन-तीन दिवसांनी रिपोर्टात जंतूचं नाव आलं की ते भारी औषध बंद करून त्याच जंतूवरचं साधं औषध लावतो. औषध बदललं म्हणून नातेवाईक घाबरतात. "एवढं महागाचं चालू होतं, ते का काढलं?" असं भांडणारेही मी पाहिलेत. तसं भांडू नका. भारीवरून साध्यावर येणं हे चांगल्या उपचाराचं लक्षण आहे.

दुसरं उदाहरण कोकणातलं आणि मुंबईतलं. साचलेल्या पाण्यातून चालत घरी यावं लागतं, पायाला कुठे चिरलेलं असतं, आणि उंदरांच्या लघवीतले लेप्टोचे जंतू त्या जखमेतून अंगात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. तेव्हापासून पावसाळ्यात महापालिका सांगत असते की पाण्यातून चालत आलेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधाचं औषध घ्यावं. ते औषध म्हणजे डॉक्सीसायक्लीन, स्वस्तातली जुनी कॅप्सूल. मात्र आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती सहसा देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

विदर्भात 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या अळीने चावून होणारा हा ताप. चाव्याच्या जागी कधी कधी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असते. तीही काखेत नाहीतर जांघेत, कुणी बघत नाही अशा ठिकाणी. या तापावर हीच स्वस्तातली डॉक्सीसायक्लीन चालते, बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पण सलाईनमधून दिलेलं सेफ्ट्रिॲक्सोन, ज्याला लोक 'भारी इंजेक्शन' म्हणतात, ते या जंतूला काहीच करत नाही. म्हणून सांगतो, 'भारी द्या' हे शब्द सोडा. मोठ्या पल्ल्याचं औषधसुद्धा सगळ्यांवर चालत नाही, आणि कोणत्या तापाला काय लागतं हे किमतीवरून ठरत नाही.

आता मफलरवाल्याच्या घशाकडे येऊ.

मोठ्या माणसाची सर्दी, घसा, खोकला आणि कणकण बहुतेक वेळा विषाणूमुळे असते. ॲझिथ्रोमायसिन जंतूच्या पेशीत प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतं. विषाणूकडे तो कारखानाच नसतो, तो आपल्या पेशीत घुसून आपला कारखाना वापरतो. त्यामुळे या गोळीचा त्याच्याशी काही संबंधच येत नाही. मग दोन दिवसांत बरं कसं वाटलं? सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते आणि माणूस मेडिकलमध्ये येतो तो त्याच दिवशी. चौथ्या दिवसापासून ती आपली आपण उतरायला लागते. गोळी घेतली नसती तरी उतरलीच असती. सर्दी आठ-दहा दिवस राहते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, हे धरूनच चाला. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक लागतं असंही नाही.

लहान मुलांच्या घशाबद्दल मात्र सावध करतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला खोकला-सर्दी काही नाही, पण ताप आहे, गिळताना घसा फार दुखतो, गळ्यात गाठी आल्यात, तर ते स्ट्रेप्टोकॉकस जंतूचं असू शकतं. ते अंगावर काढलं तर काही मुलांना सांधेताप होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्या. त्यावरचं नेमकं औषध आहे जुनं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, दहा दिवस. तो जंतू पेनिसिलिनला आजवर सरावलेला नाही. ऐंशी वर्षांत जे औषध हरलं नाही ते कमी पल्ल्याचं आणि स्वस्त आहे, आणि आपण ते सोडून पाचशेची पट्टी मागतो.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो.

2012 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहायचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांनीच मला चौथीला शिकवलेलं. जूनमध्ये त्यांना खोकला झाला. "अरे, मागच्या वर्षीच्या त्या दोनशेच्या गोळ्या दे," म्हणाले. ते सेफिक्झिम होतं. मी दिल्या. महिन्याभरात पुन्हा खोकला, पुन्हा दिल्या. गुरुजींना चिठ्ठी मागायची कशी, असं मला वाटलं. ऑगस्टमध्ये त्यांना जुलाब सुरू झाले, दिवसातून दहा-बारा वेळा, पाण्यासारखे. मी जुलाब थांबवायची गोळी दिली, तीही चुकीची. आठवड्यात त्यांचे डोळे आत गेले, धोतर नेसायला माणूस लागायला लागलं. मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी करून सांगितलं की आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजलाय, आणि पहिला प्रश्न विचारला, "यांनी गेल्या दोन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं?" गुरुजी अठरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा वजन अकरा किलोने उतरलं होतं. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते जास्त लागलं.

नंतर मी डॉक्टरांकडून समजून घेतलं. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, आणि त्यांतले बहुतेक आपल्या कामाचे. अन्न मुरवायला मदत करतात, जागा अडवून ठेवतात, वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. मोठ्या पल्ल्याचं औषध घशातल्या जंतूला शोधत तिथेच जात नाही, ते अंगभर फिरतं. आतड्यातली ही भली वस्तीही त्यात मरते. मोकळी पडलेली जागा मग क्लॉस्ट्रिडियमसारखा दांडगा जंतू बळकावतो. म्हाताऱ्या माणसांत, वारंवार औषध घेणाऱ्यांत हा धोका जास्त. म्हणून अँटिबायोटिक घेताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत पातळ संडास फार वेळा होऊ लागली, रक्त दिसलं, ताप आला, तर घरचे उपाय करत बसू नका. जुलाब बांधणारी गोळीही घेऊ नका. डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य हेच सांगा, की अमुक अँटिबायोटिक घेतलं होतं.

बाकीचे त्रासही आहेत. तोंडात पांढरे चट्टे, बायकांना अंगावरून जाऊन खाज, अंगावर पित्त उठणं. सिप्रो आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या गोळ्यांनी क्वचित टाचेमागची शीर दुखावते किंवा तुटते, विशेषतः साठीपुढच्यांत आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांत. डॉक्सीसायक्लीन घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. भांडंभर पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं. सिप्रो दुधाबरोबर घेतली की तिचा मोठा भाग अंगात लागतच नाही.

पण मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉईडची.

आजोबांच्या काळी मुदतीचा ताप आला की माणूस एकवीस दिवस पडून असायचा, आणि उठेल की नाही ते सांगता यायचं नाही. 1948 पासून क्लोरॅम्फेनिकॉल मिळू लागलं आणि ताप चार-पाच दिवसांत उतरायला लागला. पुढे जंतू त्याला सरावला. 1990 च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि सल्फाची जोडगोळी, तिन्ही एकदम निकामी ठरायला लागली. मग सिप्रो आली. माझं दुकान सुरू झालं तेव्हा टायफॉईड म्हणजे सिप्रो असंच होतं. तीही गेली. आता सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन, सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन एवढ्यावर आपण उभे आहोत.

यातलं सेफ्ट्रिॲक्सोन कसं जातं ते 2016 च्या अखेरीस पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या हैदराबादमध्ये दिसलं. तिथे टायफॉईडचा असा जंतू पसरला की वर सांगितलेली जुनी औषधं, सिप्रो आणि सेफ्ट्रिॲक्सोन, काहीच त्याला लागू पडेना. हे बळ त्याने एकट्याने कमावलेलं नव्हतं. जंतू एकमेकांना आपल्या गुणांचे तुकडे देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीचे असले तरी. त्या टायफॉईडच्या जंतूने तो तुकडा बहुधा आतड्यात नेहमी राहणाऱ्या ई. कोलायकडून घेतला. म्हणजे सर्दीसाठी खाल्लेल्या गोळीने आपल्या आतड्यात जे जंतू सरावतात, ते आपल्यापुरतेच राहत नाहीत. हैदराबादच्या आजारी पोरांसाठी तोंडाने घ्यायचं एकच औषध उरलं होतं, ॲझिथ्रोमायसिन. तीच पाचशेची गोळी. ती शरीरातून सावकाश जाते, तीन दिवस घेतली तरी तिचा अंश नंतर कित्येक दिवस अंगात राहतो. गरज असेल तेव्हा हा तिचा गुण. पण सर्दीसाठी घेतली तर त्या कमी-कमी होत जाणाऱ्या मात्रेत आतड्यातले जंतू तिला सरावत बसतात.

टायफॉईडचा ताप आहे की नाही हेही नीट ठरवून घ्या. एकदाच केलेल्या विडाल चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. पूर्वी होऊन गेलेला टायफॉईड, लस, दुसरा एखादा ताप, कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर ही खरी तपासणी. पहिली गोळी पोटात गेली की जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे 'आधी दोन गोळ्या घेऊन बघू, मग रक्त तपासू' हा आपला नेहमीचा क्रम उलटा आहे. लसही आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018 साली टायफॉईडची नवी लस मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना दिली. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारा. जो ताप आलाच नाही त्याला गोळी लागत नाही.

औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये छापून आलाय. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल घेतानाच्या भाषणात हा धोका सांगितला होता, की लोक दुकानातून औषध घेऊन अपुरी मात्रा खातील आणि जंतू सरावतील. माझ्यासारख्या दुकानदाराचंच चित्र त्यांनी तेव्हा पाहिलं होतं.

आमच्या भागात ही गोष्ट बागेतही घडली. डाळिंबावर तेल्या रोग पडला की स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन एकत्र असलेली सहा ग्रॅमची पुडी पंपात टाकायची, हे सांगोल्याच्या पोराटोरांना पाठ होतं. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगाचं औषध, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. पिकावर ही पुडी वापरणं 1 जानेवारी 2024 पासून बंद आहे. कुणाच्या शेडमध्ये जुनी पुडी असेल तर ती फवारू नका. आणि दगडी झालेल्या गाईच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली असेल तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नका. नुकसान होतं, मला कळतं. पण ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या वाटीत जातं.

मग काय करायचं? साध्या सर्दी-घशाला पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, झोप. जुलाबाला ओआरएस, आणि लहान मुलाला सोबत डॉक्टर सांगतील ती झिंकची गोळी चौदा दिवस. ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी बहुतेक जुलाबांना लागतच नाही. रक्त पडत असेल तर डॉक्टर. श्वास भराभर चालणं, छाती आत ओढली जाणं, गुंगी, झटका, लघवी बंद होणं, तीन दिवसांवर गेलेला ताप, यांत एक रात्रही काढू नका आणि माझ्याकडेही येऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

डॉक्टरांपुढे बसल्यावर दबाव टाकू नका. बरेच डॉक्टर पेशंट नाराज होऊन दुसरीकडे जाईल म्हणून अँटिबायोटिक लिहितात, हे मी चिठ्ठ्यांवरून रोज बघतो. उलट तुम्हीच विचारा, "डॉक्टरसाहेब, अँटिबायोटिकशिवाय भागेल का? लागणारच असेल तर आधी कल्चरला काही द्यायचं का? किती दिवस घ्यायचं?" हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. दिवस प्रत्येक आजाराला वेगळे असतात. साध्या न्यूमोनियाला आता पाच दिवस पुरेसे धरतात, टीबीला महिने लागतात. सांगितलेत तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी सोडू नका आणि मनाने चार दिवस वाढवूही नका.

पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीवरच घ्यायचं, एवढं घरातल्या शाळकरी पोरांनाही सांगून ठेवा. 1 मार्च 2014 पासून सेफिक्झिमसारख्या कित्येक अँटिबायोटिक्सची आम्हाला वेगळी वही ठेवावी लागते. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, किती गोळ्या दिल्या, सगळं त्यात, आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी नाव विचारलं की काही जण चिडतात. कृपा करून चिडू नका. ही वही 2012 ला असती आणि मी ती पाळली असती, तर गुरुजींचे ते अठरा दिवस वाचले असते.

आज जेवणं झाली की फळीवरचा औषधांचा डबा खाली काढा. त्यात अर्धवट कापलेली लाल रेघेची पट्टी सापडेल. फ्रिजच्या दारात पोराच्या अँटिबायोटिकची बाटली असेल, पावडरमध्ये पाणी घालून केलेली. तिच्यावर लिहिलेले सात किंवा दहा दिवस कधीच उलटून गेले असतील. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल म्हणून ठेवलेलं ते सगळं एका पिशवीत भरा. गटारात ओतू नका, उकिरड्यावर टाकू नका. माझ्या काउंटरच्या डाव्या हाताला एक पिवळा डबा ठेवलाय. गावातल्या दवाखान्याचा कचरा उचलायला गाडी येते, तिच्यात तो जातो. तुमच्या गावच्या मेडिकलवाल्यालाही असा डबा ठेवायला सांगा. सांगोल्यात असाल तर पिशवी घेऊन या, दुकान साडेनऊपर्यंत उघडं असतं.